लोखंडी बैलाचा पोळा

नथ्थूने देवचंदआबाचं बोट ऐरणीवर धरून घणाने ठेचलं, तेव्हा आबाची पोरगी संघमित्रा लोखंडी बैलाच्या पोटाखाली उताणी पडून बोल्ट आवळत होती. आबा ओरडला नाही. दात आवळून बसला. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"आता दुसरं बोट ठेवू का?" नथ्थूने खाली वाकून विचारलं. "का बैल उभा करस?"

"माझा हात चालू दे. तू बडबडत बसलास तर बैल रात्रीही उठायचा नाही."

तापी आटून जमाना झाला होता. यावलच्या केळीच्या बागा वाळूने गिळल्या, त्यांचे खांबसुद्धा उरले नाहीत. यावल ते असोदा नुसतं वाळवंट, आणि मधोमध हे पत्र्याचं गॅरेज. डोक्यावरून चंद्रावर जाणारी जहाजं रोज जायची. वर बसलेल्यांनी खानदेशाला दिलं काय, तर गळून पडलेलं भंगार. त्याच भंगारातून लोकांनी बैल घडवले. सहा पायांचे, उन्हावर चालणारे, ट्रकपेक्षा उंच. मोडका बैल दारात आला की आबा आणि संघमित्रा तो उभा करून देत. कुणाचाही असो.

हा एक मात्र तिला उभा करायचा नव्हता. असोद्याला एक जिवंत विहीर उरली होती, पोलादी घुमटाखाली. टोळीवाल्या नथ्थूला तो घुमट फोडायला बैल हवा होता, आणि घुमटाच्या दाराशी पहाऱ्याला तिचा सख्खा भाऊ रविंद्र होता. बैल उठला तर रविंद्र मेला, विहीर गेली, गाव गेलं. नाही उठला तर आबा इथंच मेला, तिच्या डोळ्यांदेखत.

खोटं काम करावं तर तीही सोय नव्हती. नथ्थूचा साथीदार जीवराम स्वतः मिस्त्री. आबाच्या मानेला बंदूक लावून तो तिच्या पान्याकडे बघत होता.

"एक बी बोल्ट ढिला राह्यना ना," तो म्हणाला, "माले आवाजवर समजस."

म्हणून तिने खरं काम केलं. पुढच्या डाव्या पायाची खांद्यातली स्प्रिंग तुटली होती, ती नवी घातली. मग वर चढून बैठकीत बसली आणि चालवायचा दांडा धरला. बैल कण्हत उठला. जीवरामने सहाही पाय ठोकून ऐकले आणि मान हलवली.

"बेस शे."

आता जुंपायचं. पण त्या दिवशी पोळा होता, आणि पोळ्याला बैल जुंपत नाहीत. माणसं कापायला निघालेला नथ्थू तेवढा नियम मोडणार होता, पण फुकट नाही. शेतकऱ्याचं पोर ते. आधी खांदा मळायचा, डोकं टेकवायचं, माफी मागायची, मगच जू. माणसाची माफी मागायची असते हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"हळद शे का वं?"

"चुलीपाशी डब्यात."

"तुम्ही नही करतस पोळा?"

"आम्ही बुद्धाची माणसं. लोखंडाच्या पाया पडत नाही."

"म्हणूनच बरकत नही तुमले." नथ्थू हसला.

लोण्याच्या जागी त्याने ग्रीस घेतलं, त्यात हळद कालवली तिला बैल पुढून खाली वाकवायला लावला आणि त्याचा नवी स्प्रिंग घातलेला खांदा मळायला लागला. हळूहळू, मायेने, ज्यांना आबाचं रक्त लागलं होतं त्याच बोटांनी. मग चपला काढल्या, टोपी काढली आणि खांदा अन् मानेच्या बेचक्यात कपाळ टेकवलं.

"माफ कर बापा. आज तुले जुपी ऱ्हायनू."

नथ्थूने डोकं टेकवलेलं पाहून जीवरामनेही बंदूक काखेत दाबली आणि हात जोडले. लहानपणापासूनची सवय. हात जोडायला दोन्ही हात लागतात.

संघमित्राने दांडा पोटापर्यंत ओढला.

नव्या स्प्रिंगने झटका दिला आणि खांद्याची बेचकी मिटली. चरकात ऊस जावा तसं नथ्थूचं डोकं खांद्यात गेलं. आवाज लहानच झाला. धड तिथंच लटकलं आणि पाय थोडा वेळ वाळू उकरत राहिले.

जीवरामने बंदुकीला हात घातला, तेवढ्यात आबाने चांगल्या हाताने घण उचलून त्याच्या गुडघ्यावर घातला. गोळी पत्र्यातून वर गेली. जीवराम खाली आला, बंदूक आबाच्या पायाशी पडली. संघमित्राने बैलाचा पाय जीवरामच्या छातीवर आणून धरला, टेकवला नाही.

"बाकीचे कुठंत?"

"असोदानी टेकडीमांगे. बैलनी वाट दखतस. बैल नही उना तर शिड्या लावतीन." त्याने ओठ चाटले. "माले पानी दे, बहीण."

"बहीण आत्ता झाली का मी?"

प्राण्याची हत्या करणार नाही, हे पहिलं शील आबानेच तिच्याकडून लहानपणी पाठ करून घेतलं होतं. त्या घटकेला त्याने आठवण करून दिली नाही. तिने पाय खाली सोडला.

मग आबाने ठेचलेला हात उपरण्याने छातीशी बांधला आणि बैलाच्या पाठीवर चढायला लागला.

"आबा, तुम्ही थांबा. एका हाताने काय करणार?"

"दुसऱ्याला बांधलंय. हा एक बंदुकीला पुरे. तिथं माझा पोरगा आहे."

तिने नथ्थूला खांद्यातून सोडवलं नाही. तसाच लटकू दिला.

असोद्याच्या टेकडीमागे टोळी सावलीला बसली होती. लांबून बैल ओळखून सगळे उठले, कुणी रुमाल फडकवला, कुणी शिट्टी मारली. तिकडे घुमटाच्या दारात एकटा माणूस बंदूक सावरून उभा राहिलेला तिला दिसला. पहिले काही जण हसत बैलाला सामोरे धावत आले. खांद्यावर काय लोंबतंय ते त्यांना अगदी जवळ आल्यावर कळलं, आणि तोवर आबाची पहिली गोळी सुटली होती. एक जण पळता पळता ओरडला, "ताई, आमी तुमनं काय बिघाडं वं?"

संघमित्राने दांडा पुढे रेटला आणि बैल त्यांच्यावर घातला.