फळीवरचा रेडिओ

मार्गशीर्षातले ऊन जवाहरनगरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये घाईने येत नसे. आधी ते समोरच्या पाण्याच्या टाकीला लागे, मग तारेवर वाळत घातलेल्या खाकी पँटीला, आणि कितीतरी वेळाने खिडकीच्या तिसऱ्या गजावर येऊन टेके. गजाचा गंज तेवढ्यापुरता कुंकवासारखा दिसे. तिथून ते खाली उतरे; स्टोव्हच्या पितळी टाकीवर, दोरीवरच्या टॉवेलवर, शेवटी कोपऱ्यातल्या तंबोऱ्याच्या भोपळ्यावर. भोपळ्यावर आले की ते पिकल्यासारखे होई. हवेतली धूळ त्या उजेडाच्या पट्ट्यात शिरली की सोन्याची होई आणि बाहेर पडली की नुसती धूळही उरत नसे. टेकचंद रोज अंथरुणातून हे पाहत राही. उजेड त्याला काही विचारत नसे, हे त्याला बरे वाटे.

१९८३ सालच्या त्या रविवारी मात्र ऊन भोपळ्यापर्यंत पोचायच्या आत तो तीनदा उठला आणि तीनदा बसला. पंधरा दिवसांनी भंडाऱ्यात गुरुजींच्या शिष्यांची गाण्याची सभा होती. चार वर्षांत पहिल्यांदा त्याचे नाव यादीत होते. नावापुढे गुरुजींनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले होते.

गुरुजी म्हणजे श्यामराव. निवृत्त शाळामास्तर, अंगात नेहमी तोच करडा स्वेटर, बोटे पेटीवर. भंडाऱ्यात त्यांच्या घरी टेकचंदने आलाप सुरू केला आणि दोन मिनिटांत पेटी थांबली.

"बाबू, तू काळी एकात गाऊन राहिला की पांढरी दोनात?"

"काळी एकात, गुरुजी."

"नाही. दोघींच्या मधल्या फटीत जाऊन बसला तू. तिथं पेटीला पट्टीच नाही." श्यामरावांनी भाता मिटला. "तेही चालवून घेऊ एक वेळ. पण नुसता आकार लावतो तेव्हा वर चढतो, आणि बंदिशीचे शब्द आले की सूर खाली बसतो. दर वेळी तितकाच. बेसुरा माणूस वाट्टेल तिथं चुकतो, रे. तू नेमका चुकतो. ही सवय आहे. कुठं लागली?"

"लहानपणी रेडिओ ऐकायचो. घरी फळीवर होता. त्याचा लाल काटा..."

"ते चार वर्षांपासून सांगून राहिला तू. रेडिओवरचा गवई असा खाली बसत नाही." त्यांनी यादीवर बोट ठेवले. "पुढच्या रविवारी नीट सांग. नाहीतर नाव खोडतो. रागावून नाही, सगळ्यांसमोर तुझं हसं झालेलं मला पाहवणार नाही."

टेकचंद बाहेर पडला तो जवाहरनगरकडे वळलाच नाही. साकोलीची, त्याच्या गावाकडची गाडी लागलेली दिसली, तिच्यात चढला. जागा असून उभाच राहिला. गाडीच्या घरघरीत तो आपला सूर शोधत होता, आणि सूर सापडत नव्हता. कारखान्यात नवा नवा असताना मेसमध्ये एकदा सगळ्यांनी आपापल्या घरचे सांगितले होते. कुणाचे वडील ग्रामोफोन लावत, कुणाची आत्या भजने शिकवी. त्याची पाळी आली तेव्हा त्याच्या तोंडून रेडिओ निघाला. मग दर खेपेला त्यात काही भर पडत गेली. आधी फळी आली, मग लाल काटा, मग वर घातलेला विणलेला रुमाल. आता तो रेडिओ त्याला डोळे मिटूनही दिसत असे.

गावी आईच्या घराला कुलूप होते. म्हणजे आई गिरणीत होती. भंडाऱ्यात कुणी विचारलेच तर तो "आई घरीच असते" असे सांगत असे.

दहाव्या वर्षी वसतिगृहात गेल्यापासून तो भैय्याजींच्या गिरणीत पुन्हा पाऊल टाकायला आला नव्हता. सुट्टीतही दाराशी उभा राहून किल्ली मागे आणि परते. आज आत शिरला. पत्र्याच्या भोकांतून ऊन आत पडले होते आणि त्यात कोंड्याची धूळ सोन्यासारखी तरंगत होती. डिझेल इंजिन धडधडत होते, पट्टा फिरत होता, आणि त्या सगळ्यावर, धान सोलणाऱ्या हलरचा एक लांबलचक, जाड सूर लागला होता. टेकचंद त्या सुराच्या दिशेने दोन पावले पुढे गेला.

कोपऱ्यात दोघी सुपाने कोंड्यातून तांदळाची कणी वेगळी करत होत्या. आई मंदाबाई, आणि तिची जन्माची जोडीदारीण धुरपता. आई गात होती. धुरपताचेच नाव घालून जागच्या जागी जुळवलेले, चिडवण्याचे गाणे:

"धुरपताबाईच्या सुपात गं, कणीपरीस कोंडा,
नवरा म्हणे जेवू काय, घास जाईना तोंडा..."

"तुह्या तोंडाले काय झालं, वो!" धुरपता हसत ओरडली, आणि तिची नजर वर गेली. "मंदे, पाय, सायेब आला तुहा! काहून रे टेकू, रस्ता चुकला का बापा?"

मंदाबाई उठली नाही. सूप तसेच हातात धरून तिने त्याच्याकडे पाहिले. "जेवला का?"

"हो. माय, तू गाणं थांबवू नको."

"आँ?"

"म्हण ना. थांबू नको."

"याले काय झालं, बाई," धुरपता म्हणाली. पण मंदाबाईने पुन्हा सूर धरला. वर धानाची पोती रिती होत होती. धान पडू लागले की हलरवर भार येई आणि त्याचा सूर किंचित खाली बसे. त्या भारात आई शब्द म्हणे. पोते संपले की हलर हलके होऊन वर चढे. तेव्हा शब्द थांबत, ती नुसती गुणगुणे, तीही वर. पुन्हा पोते, पुन्हा खाली. टेकचंद खांबाला धरून उभा होता. ओठ न हलवता तो सोबत गात होता, आणि कुठेच चुकत नव्हता.

पट्टा घसरला तसे इंजिन बंद केले गेले. त्या शांततेत त्याने विचारले, "मी अगदी लहान असताना कुठं राहायचो, दिवसभर?"

"इथंच. अन् कुठं? तुले मी भुशाच्या पोत्यावर निजवलं, चार वर्सं. गिरण बंद पडली का तू उठून रडे."

"चालू झाली का गप," धुरपता म्हणाली. "आमी म्हणो, ह्या पोट्ट्याची खरी माय कोन, मंदी का हलर?"

"आणि आपला रेडिओ?"

"कोनता रेडिओ?"

"फळीवरचा. लाल काट्याचा."

दोघींनी एकमेकींकडे पाहिले. मंदाबाईने पदराने त्याच्या बाहीवरचा कोंडा झटकला, लहान मुलाचा झटकतात तसा. "फळीवर डबे होते, बाबू. हळदीचा, मिठाचा," ती म्हणाली, जणू चूक तिचीच होती.

"नाही, होता," तो म्हणाला. फार मोठ्याने म्हणाला. मग किल्ली न मागताच बसस्टँडकडे चालू लागला. कोंडा त्याच्या केसांत होता. त्याने तो आठवडाभर आठवून आठवून झटकला.

पुढच्या रविवारी श्यामरावांनी पेटी पुढे ओढली तेव्हा तो म्हणाला, "आज पेटी नको, गुरुजी." त्याने तंबोरा घेतला आणि काळी एकच्या थोडे वर, पांढरी दोनच्या थोडे अलीकडे, जिथे पट्टी नसते तिथे जुळवला. आकारात तो वर गेला. शब्द आले तसा भार आला आणि तो खाली उतरला. शब्द सरले, पुन्हा वर. या वेळी त्याने ते लपवले नाही.

श्यामरावांनी मिटलेले डोळे उघडले. त्यांच्या हातात पेन्सिल होती आणि मांडीवर यादी.

"हे सुधारायचं की असंच ठेवायचं, ते मला आज सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण हे काहीतरी आहे. आता सांग, कुठलं आहे हे?"

टेकचंदने तारांवर पालथा हात ठेवला. फळी त्याला स्वच्छ दिसत होती. हळदीचा डबा, मिठाचा डबा.

"आईचं. ती धानगिरणीत कोंडा पाखडते," तो म्हणाला. "आमच्या घरी रेडिओ कधीच नव्हता."