ओळंब्याची कंबर

मी एक जुना, हिरव्या रेक्झिनचा तपासणीचा पलंग आहे. मित्रांनो, पलंगाला गाढ झोप लागत असेल असं तुम्हाला वाटेल, पण ज्याच्यावर दिवसभर कुणी ना कुणी कण्हत असतं, त्याला कुठली चैन?

एका वेल्डरने लोखंडी नळ्या जोडून मला घडवलं आणि डॉक्टरांनी दवाखाना थाटला त्याच दिवशी मी इथे आलो. डॉक्टर हाताचे गुणी, बोलायला गोड. ताप, खोकला, कान, पोट, सगळं घरच्यासारखं बघायचे. कंबरदुखीवर मात्र त्यांचं उत्तर ठरलेलं असे: एक इंजेक्शन, एक पट्टा, एक एक्स-रे आणि तीन आठवडे अंथरूण. लोक तोंडभरून कौतुक करत जात आणि महिन्याभराने पुन्हा माझ्यावर येऊन आडवे होत. कुठेतरी चुकतंय, असं मला सारखं वाटे. पण पलंगाला विचारतो कोण?

अशातच ओळंबा आला. हा गवंडी. भिंत सरळ आहे का ते पाहायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा; याच्या भिंती इतक्या सरळ, की त्याचं हेच नाव पडलं होतं. विटा उचलताना त्याची कंबर धरली होती. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला.

"मणक्यात गॅप आहे. जपा. वाकू नका, काही उचलू नका."

ओळंबा जपू लागला. तीन आठवड्यांचे तीन महिने झाले. पुन्हा आला तो बायकोच्या खांद्यावर भार टाकून.

"डॉक्टर, यांच्या पायात चपलासुद्धा मीच घालते," ती म्हणाली. "कंबर दुखत होती तोवर माणूस उभा तरी होता. तुमचा तो गॅप ऐकला आणि आडवाच झाला."

डॉक्टरांनी पुन्हा तोच एक्स-रे उचलला. त्यांची सूनही डॉक्टर, नुकतीच दवाखान्यात बसू लागलेली. तिने पर्समधून कंबरदुखीच्या मार्गदर्शक सूचनांची पुस्तिका काढली आणि त्यांना आतल्या खोलीत नेलं. पडद्याआडचं सगळं मला ऐकू येतं.

"बाबा, यात लिहिलंय, धोक्याची लक्षणं नसतील तर लगेच एक्स-रे नको, अंथरूणही नको. माणूस हिंडता-फिरता ठेवायचा."

"पुस्तकाला काय जातंय! पेशंटला नुसतं 'चाला' म्हटलं, तर तो चालत समोरच्या दवाखान्यात जातो."

"नीट तपासून, समजावून म्हटलं तर?"

मग तिने ओळंब्याला माझ्यावर झोपवलं. पायांतली ताकद पाहिली. कुठे बधिर वाटतं का, लघवी-संडासचा ताबा आहे ना, ताप, वजन, सगळं विचारलं.

"हा गॅप म्हणजे मणके झिजणं, आणि ते केस पिकण्यासारखं," ती म्हणाली. "तुमचे केस पिकलेत, म्हणून डोकं चालायचं थांबलं का? रोज थोडं चाला, हळूहळू वाढवा. दुखेल. पण दुखलं म्हणजे मोडलं असं नाही."

ओळंबा आधी कोपऱ्यापर्यंत चालला, मग बाजारापर्यंत. दोन महिन्यांनी तो पुन्हा भिंतीला गिलावा करत होता. ते कळलं तेव्हा डॉक्टर पुस्तिका घेऊन माझ्या काठावर येऊन बसले.

"किती जणांना उगाच झोपवलं गं मी," ते सुनेला म्हणाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी शाळेतल्या एक बाई आल्या. "नेहमीचंच दुखणं. इंजेक्शन द्या, मला तासाला जायचंय." डॉक्टरांनी सवयीने सुई भरली सुद्धा. मग थांबले आणि अवघडत म्हणाले, "बाई, लघवी झालेली नीट कळते ना?"

बाईंनी मान खाली घातली. "कालपासून नाही कळत. बसायची जागाही बधिर वाटते. पण त्याचा कमरेशी काय संबंध?"

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली आणि स्वतः मोठ्या रुग्णालयात फोन लावला. मणक्यातली नस दबली होती. दुपारीच ऑपरेशन झालं.

बाई वाचल्या, पण माझी तगमग काही थांबत नाही. तीस वर्षांत हा प्रश्न कितीजणांना विचारायचा राहून गेला असेल?

म्हणून सांगतो मित्रांनो, कंबर धरली तर भीतीने अंथरूण धरू नका. आणि लघवी-संडासचं कळेनासं झालं किंवा बसायची जागा बधिर वाटली, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपणहून सांगा. सांगताना बाई लाजेने चूर झाल्या होत्या. पण विचारल्यावर त्यांनी खरं ते सांगितलं, म्हणून आज त्या फळ्यासमोर स्वतःच्या पायांवर उभ्या आहेत.