होनोलुलूत व्हायचं बाळ

बाळ होनोलुलूतच व्हायला हवं, असा योसुआचा हट्ट होता. आमच्या पागोपागोच्या बेटावर झेंडा अमेरिकेचा, पण इथं जन्मलेलं लेकरू होनोलुलूतल्यासारखं जन्मानं अमेरिकेचं नागरिक होत नाही. योसुआनं त्यांच्या फौजेत उमेदीची वर्षं घालवली, एक गुडघा कायमचा अधू करून घेतला. पण नागरिक नाही म्हणून अधिकारी काही होता आलं नाही. मिसरूड न फुटलेल्या पोरांना सलाम ठोकत तो निवृत्त झाला.

"म्हणजे पोटात राष्ट्राध्यक्ष आहे म्हणा की!" त्याची बायको मारेता म्हणायची. "म्हणूनच एवढ्या लाथा झाडतोय."

"हसू नकोस. अर्ज करून नागरिक होता येतं गं. पण राष्ट्राध्यक्ष व्हायला नागरिकत्व जन्मासोबतच यावं लागतं. पोर राष्ट्राध्यक्ष होईल न होईल, पण दार तरी उघडं राहू दे."

तिकिटं काढली आणि योसुआचे थोरले काका वारले. आमच्याकडं मयत म्हणजे सगळ्या भाऊबंदांचा कारभार. डुकरं कापायची, विणलेल्या चटयांचे आहेर द्यायचे-घ्यायचे.

"थोरली सून चटया घेऊन उभी राहिली नाही तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील," योसुआची आई लुपे म्हणाली.

लढाईत न डगमगलेला हा गडी आईपुढं मात्र गोगलगाय. त्यानं जाणं पुढं ढकललं. विमान आठवड्यातून दोनदाच.

शेवटी विमानतळावर रांगेत उभे असताना मारेतानं त्याचा दंड घट्ट धरला. "अहो, पाणी गेलं."

"जरा दम धर! पाच-सहा तासांचा तर प्रवास."

"दम धरू? मी काय नळ आहे, बंद करायला?"

काउंटरवरची मुलगी नात्यातलीच निघाली. योसुआनं तिच्यापुढं गयावया केली.

"दादा, वहिनींना नाही चढू देता येणार. नोकरी जाईल माझी."

विमान गेलं. सांजेला इथल्याच दवाखान्यात मुलगी झाली, गुटगुटीत. योसुआनं तिला छातीशी धरलं आणि सगळ्यांदेखत हमसून रडला. बायकांना वाटलं, आनंदानं.

दुसऱ्या दिवशी लुपेनं योसुआला रिवाजाप्रमाणे बाळाची वार पुरायला घरामागच्या नीरफणसाखाली खड्डा खणायला सांगितलं.

"आणखी खोल रे," ती म्हणाली. "खोल पुरली की पोर जगात कुठंही जाऊ दे, शेवटी इथलीच राहते."

हे आईनं सांगायची गरज नव्हती.  योसुआनं पुन्हा फावडं मारलं.