आडवा चेंडू

ऑस्ट्रेलियातल्या कुराबिन गावाचा फुटबॉल संघ सलग एकोणीस सामने हरला, तेव्हा नवा कोच ग्रेअम हार्टविगने मर्व्ह ट्रेगेन्झाचा खेळ मोडीत काढला.

मर्व्ह एकतीस वर्षं कुराबिनचा कोच होता. तिथल्या फुटबॉलमध्ये चेंडू हाताने झेलून मग पायाने मारता येतो, आणि मर्व्हची सगळी विद्या एका वाक्यात मावायची: चेंडू हातात आला की मान वर करा आणि लांब पुढे मारा. पुढे गोलच्या खांबांसमोर एक उंच गडी उभा असतो. तो उडी घेऊन झेलेल, गोल मारेल. "त्यांनी वीस मारले तर आपण एकवीस मारू," असं तो म्हणायचा, आणि कित्येक वर्षं ते खरंही होतं. ग्रेअम त्याच्या हाताखाली अकरा मोसम तो उंच गडी होता. आता त्या जागी ग्रेअमचा भाचा होता, कोरी पास्को.

पण गावातली पोरं मेलबर्नला, जिलाँगला निघून गेली होती. उरले ते एक तर चाळिशीचे, नाही तर जेमतेम अठराचे. इतर गावांचे संघ त्यांना नुसत्या धावण्यानेच हरवत. असाच आणखी एक मोसम गेला तर कुराबिनला शेजारच्या डनबुलात विलीन व्हावं लागेल, असं लीगने कळवलं. त्यानंतर ग्रेअम बेंडिगोला जाऊन कोचिंगचा वर्ग करून आला. त्याने संघातल्या अठरा जणांपैकी सोळा आपल्याच अर्ध्या मैदानात उभे केले. चेंडू मिळाला की सोडायचा नाही; जवळ, आडवा, मागे, पुन्हा आडवा, समोरचे वैतागेपर्यंत.

"मामा, आणि मी?" कोरीने विचारलं.

"तूही मागे. उंच आहेस, त्यांचे झेल मोड."

"मी गोल मारतो, मामा."

"चेंडूच तिथवर पोचत नाही, तर काय डोंबल मारणार?"

पहिला सामना त्यांनी चार गोल विरुद्ध तीन असा जिंकला. कुराबिनमध्ये लोक मैदानाकडे तोंड करून लावलेल्या गाड्यांत बसून खेळ बघतात आणि गोल झाला की हॉर्न वाजवतात. त्या दिवशी शेवटी मिनिटभर हॉर्न वाजत राहिले. बायका रडल्या. पाचव्या विजयापर्यंत मात्र लोक गाडीत पेपर वाचायला लागले होते. थंडीतल्या शनिवारी कुंपणाजवळ सात-आठ गाड्या उरायच्या. त्यांत मर्व्हची हिरवी पिकअप असायचीच.

पाचव्या सामन्यानंतर ग्रेअम त्या पिकअपपाशी गेला. मर्व्ह वाळला होता. त्याच्या पोटात कॅन्सर होता, हे गावाला माहीत होतं.

"जिंकलास," मर्व्ह म्हणाला.

"हो, कोच."

"मला कंटाळा आला रे." तो रागावून बोलत नव्हता. "डॉक्टरीण म्हणते, सप्टेंबरात वसंत लागेपर्यंत टिकलो तर टिकलो. म्हणजे सात-आठ शनिवार. त्यातला एक तू आज इकडून तिकडे किका मारण्यात घालवलास."

"हरलो असतो तर क्लब गेला असता, कोच."

"गेला असता. खरं आहे."

मर्व्ह भांडला असता तर ग्रेअमला बरं वाटलं असतं. मर्व्हने काच वर केली आणि गाडी सुरू केली.

पुढच्या शनिवारी सामना डनबुलाशीच होता. मर्व्हला आदल्या दिवशी हॉर्शमच्या हॉस्पिटलात हलवलं होतं. चारपैकी तीन क्वार्टर संपले तेव्हा कुराबिनकडे बावीस गुणांची आघाडी होती. ग्रेअमने कोरीला बाजूला घेतलं.

"आता पुढे जा. खांबांसमोर. तुझ्या जागेवर."

कोरीने विचारलं, "चेष्टा करतोयस?"

"जा म्हटलं ना. आणि तुम्ही सगळे ऐका रे, कोरी मोकळा दिसला की लांब मारा."

कोरी पुढे गेला. हात वर करून उभा राहिला. मैदानाच्या मध्यावर टायसन व्हीलनला चेंडू मिळाला. त्याने मान वर केली. कोरी दिसला, समोर पन्नास मीटर कुणी नव्हतं. टायसनने चेंडू आडवा दिला. पुढच्यानेही तेच केलं, त्याच्या पुढच्यानेही.

"लांब! अरे, लांब मार!" ओरडून ओरडून ग्रेअमचा घसा बसला. एकाने एकदा मारला. दोन महिने पंधरा मीटरच्या किका मारणारा पाय तो; चेंडू अर्ध्या वाटेत डनबुलाच्या हातात पडला आणि त्यांनी गोल करून सहा गुण घेतले. मग कुणी हिंमत केली नाही. सामना सोळा गुणांनी जिंकला.

आत पोरं क्लबचं गाणं म्हणत होती. कोरी बुटांच्या नाड्या सोडत बसला होता.

"पुढच्या वर्षी मी नाही, मामा."

"डनबुलाने विचारलं?"

"कुणी नाही विचारलं. मी झेलेन असं आपल्या पोरांना वाटतच नव्हतं. आणि खरं सांगू? मलाही वाटत नव्हतं."

रविवारी हॉर्शमला जाताना ग्रेअमने ठरवलं, कोरीने सहा गोल मारले असं सांगायचं. मर्व्ह उशीत बुडाला होता. त्याने पहिला प्रश्न तोच विचारला.

"कोरीने किती मारले?"

"एकही नाही, कोच." तोंडून निघून गेलं. "मीच पुढे पाठवलं होतं त्याला. कुणी चेंडूच दिला नाही. विसरलेत सगळे."

मर्व्हने उशीवरच मान हलवली.

"विसरले नाहीत," तो म्हणाला. "तू शिकवलंस ते शिकले. चांगली पोरं आहेत." मग त्याने पाणी मागितलं. ग्रेअमने पेला धरला. अर्धं पाणी हनुवटीवरून सांडलं.

मर्व्ह दोन शनिवारांनी गेला. अंत्यविधी गुरुवारी झाला आणि त्याच संध्याकाळी सराव होता. ग्रेअमने पोरांना समोरासमोर दोन रांगांत उभं केलं आणि तासभर नुसत्या लांब किका मारायला लावल्या. ओल्या गवतावर चेंडू मधेच पडत राहिले. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. कोरी आला नव्हता.

शनिवारी ते पुन्हा नेहमीसारखे आडवे खेळले आणि एका गोलने जिंकले.

लीगचं पत्र सप्टेंबरात आलं. कुराबिन राहणार, एकटं, स्वतःच्या नावाने. ग्रेअमने ते क्लबच्या खोलीत वाचून दाखवलं. अकरा माणसं होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि चहा घेतला. पुढच्या मोसमाला कोण कोण आहे, याची यादी झाली. खांबांसमोर कोण उभा राहणार, हे कुणी विचारलं नाही.