सेन्सरला सोसत नाही

विज्ञानापुढे साहेब आणि कामगार सारखेच, असं परळच्या त्या हॉस्पिटलच्या व्यवस्थापनाने रीतसर नोटीस काढून मान्य केलं होतं. नोटीस चौथ्या मजल्यावर लागली, साहेबांच्या. लाँड्री तळघरात, तिथे लावलेला कागद वाफेने दोन दिवसांत भिंत सोडतो.

मार्चमध्ये चादरींच्या इस्त्रीपाशी सुभद्राबाई चक्कर येऊन पडल्या. तेव्हापासून त्यांच्या शेजारी इस्त्री करणारी माया एकच मागत होती: वाफ बाहेर ओढणारा पंखा. व्यवस्थापन म्हणालं, आधी पुरावा. आठ दिवस अंगावर सेन्सर लावा, सरासरी पस्तीस अंशांच्या वर गेली तर पंखा.

सेन्सर म्हणजे मोठ्या बटणाएवढी पांढरी डबी. कॉलरला अडकवायची, ती उष्णता आणि दमटपणा नोंदवत राहते. मायाने तिला जिवापाड जपलं. जाळीवर घाम आला की सुती चिंधीने टिपायची, गळ्याला पावडर लावणं बंद केलं, सहाव्या दिवशी सेल बसला तर दादरला जाऊन स्वतः आणला. सोबतचं सोळा पानी माहितीपत्रक अख्ख्या हॉस्पिटलात तिने एकटीने वाचलं.

"घोवाची कॉलर कधी इतकी पुसलंस काय गो?" सुभद्राबाई म्हणाल्या.

"तो कुठे पंखा देणार होता?"

सरासरी आली सदतीस. दमटपणा ब्याऐंशी टक्के.

सुपरवायझर हितेंद्रने आकडे पाहिले आणि डबी उलटीसुलटी केली. "मायाताई, हे बिघडलंय. आत घाम गेलाय."

"घाम कशाने आला, सर?"

"तेच म्हणतोय. तुमचाच आहे."

मायाने डबी त्याच्या हातातून परत घेतली. आवाज चढवला असता तर 'तुम्ही नायगावचे लोक ना, लगेच मोर्चा' हे वाक्य आलं असतं. ते तिला अकरा वर्षांपासून पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने लोणच्याची धुतलेली बरणी त्याच्या टेबलावर आपटली. आत झाकणभर मीठ, त्यावर पाण्याचे चार थेंब, शेजारी सेन्सर. बरणी घट्ट बंद. "बंद बरणीत ओल्या मिठावर दमटपणा नेहमी पंच्याहत्तर टक्केच राहतो. आठ तासांनी तेवढाच दाखवला तर सेन्सर ठीक. पान बारा."

संध्याकाळी पंच्याहत्तरच दाखवलं.

"मीठ कुठलं वापरलंत?" हितेंद्रने विचारलं.

"तुमच्या कॅन्टीनचं. आता वाचा, सर. माझ्यासमोर."

हितेंद्रने बारावं पान वाचलं, आणि सुटका नव्हती म्हणून तेरावंही. तिथे त्याचा चेहरा खुलला. "हे बघा. ऐंशी टक्क्यांच्या वर दमट हवेत उपकरण जास्त दिवस ठेवू नये. खराब होतं."

ते वाक्य मायाने आधीच वाचून खाली पेन्सिलीने रेघ मारली होती. तिला तो आपला सगळ्यात मोठा पुरावा वाटत होता.

"डबीला सोसत नाही," ती म्हणाली, "आणि आम्ही रोज आठ तास उभ्या असतो त्याचं काय?"

हितेंद्रने पान उलटलं, प्रामाणिकपणे पुढचंही पाहिलं. "तुमच्याबद्दल यात काही नाही."

सेन्सर त्याच दिवशी लाँड्रीतून हलवला. परत केल्याच्या पावतीवर मायाने इतकी दाबून सही केली, की ती खालच्या तीन कोऱ्या पावत्यांवर उमटली.

मोजणी नव्याने झाली, उपकरणाला मानवेल अशा जागी, म्हणजे हितेंद्रच्या केबिनमध्ये. सरासरी चोवीस आली.