भिंतीतलं मोहोळ

ऊन चढायच्या आत मोहोळ मारायचं असं लेकानं ठरवलं आणि म्हाताऱ्यानं मुकाट्यानं फवारणीचा पंप पाठीला लावला. लेकानं विहिरीत उडी मारा म्हटलं असतं, तरी त्यानं फार तर आधी चपला काढून ठेवल्या असत्या. म्हातारी गेल्यापासून तीन महिने हे असंच चाललं होतं. जेवा म्हटलं की जेवायचा, निजा म्हटलं की निजायचा. ना रडू आलं, ना राग.

मोहोळ मागच्या खोलीच्या भिंतीत होतं. खिडकीखालच्या दोन दगडांच्या फटीतून माशांची ये-जा चालायची. वीस वर्षं त्यांनी कुणाचं वाकडं केलं नव्हतं. पण या उन्हाळ्यात त्यांचं काय बिनसलं कोण जाणे. माठावर बसायच्या, ओल्या कपड्यांत शिरायच्या. काल धाकट्या नातीच्या ओठाला डसल्या आणि पोरीचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं.

"मारा आबा, मग फट सिमेंटनं बुजवून टाकू."

"बुजवू," म्हातारा म्हणाला.

शेजारचा मध काढणारा कुंपणावरून हे बघत होता. त्याला राहवेना. तो आत आला आणि त्यानं भिंतीला कान लावला.

"भरलेलं मोहोळ आहे रे. मेलेल्या माशा नि मध आतच सडला की भिंत पाझरायला लागेल. मग बसा जन्मभर मुंग्या झाडत."

"मग काय पोरीचं तोंड सुजू द्यायचं?" लेक म्हणाला.

"माठावर कधीपासून येतात?"

"यंदाच. उन्हाळा लागल्यापासून."

"उन्हाळा दर साली लागतो. मागच्या साली पाणी कुठं प्यायच्या?"

लेकानं बापाकडं बघितलं. बापानं भिंतीकडं. तेवढ्यात सून हात पुसत बाहेर आली.

"आत्याबाई या खिडकीत परात ठेवायच्या, पाण्यात खडे टाकून. मला वाटायचं चिमण्यांसाठी असेल. त्या गेल्यावर मीच ती घासून आत ठेवली."

"खडे माशांना बसायला. नाहीतर बुडून मरतात," मधवाला म्हणाला. "तहानेनं दारात येत होत्या बिचाऱ्या, आणि तुम्ही फडकी घेऊन मागं लागलात. चार दिवस माठ झाकून ठेवा, परात भरून ठेवा. वळतील."

म्हाताऱ्यानं पंप उतरवला. कुणी सांगितलं नव्हतं. परात मागून घेतली, अंगणातले खडे वेचले, धुतले, पाणी ओतलं.

तिसऱ्या दिवशी परातीची कड माशांनी भरून गेली. म्हातारा शेजारी बसून बघत होता. सून पोरीला कडेवर घेऊन आली.

"माठावर आज एकही नाही," ती म्हणाली. मग परातीकडं बघत म्हणाली, "आबा, आत्याबाई आणखी काय काय करायच्या हो? मला एवढंसंच ठाऊक. सांगितलंत तर काही राहून जायचं नाही."

म्हाताऱ्यानं आठवून बघितलं. चाळीस वर्षांचा संसार. याच खिडकीशी बसून तो रोज विडी ओढायचा. परात डोळ्यांसमोर असणार, म्हातारी पाणी घेऊन रोज शेजारून जात असणार. त्याला काहीसुद्धा आठवेना. त्याची त्यालाच लाज वाटली.

"मला माहीत नाही गं," तो म्हणाला, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याचा आवाज फाटला.