तळघरातलं मिरचीचं खोड

माझ्या सासूबाई झाडांच्या बाबतीत अगदी निर्दय, असं मला बरीच वर्षं वाटायचं. बर्फ पडायच्या आधी त्या मिरचीचं झाड उपटायच्या, मुळं धुवायच्या, पानंफांद्या सगळं छाटून वीतभर खोड ठेवायच्या आणि छोट्या कुंडीत लावून गार तळघरात नेऊन ठेवायच्या. पाणी महिन्यातून एकदा, तेही घोटभर. आणि उन्हाळ्यात तेच खोड लालभडक मिरच्यांनी लगडायचं! नऊ वर्षं. बी लावून उपयोग नव्हता, शेजाऱ्यांच्या ढोबळीशी संकर होऊन मिरच्या फिक्या निघायच्या. लाओसमधल्या त्यांच्या गावची मिरची आता अमेरिकेत, सेंट पॉलमधल्या आमच्या तळघरात, या एका खोडात उरली होती.

जानेवारीत त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर त्या घरी नसणार होत्या. जाताना मला बजावलं, "पा कू, त्याच्याकडे नुसतं बघ. बाकी काही करू नकोस."

पण माझ्याच्यानं ते उघडंबोडकं खोड बघवेना. लाओसमधून आलेल्या आम्हा ह्मोंग लोकांत बाळंतिणीला महिनाभर गार वारा लागू देत नाहीत. ऊबदार खोली, गरम पाणी, औषधी पाला घातलेलं कोंबडीचं सूप. मी कुंडी वर आणली, हीटरपाशी ठेवली, रोज कोमट पाणी घातलं. आठ दिवसांत पालवी फुटली. मी हरखले! मग मावा पडला, पानं गळली, खोड वरून काळं पडत गेलं.

सासूबाई वॉकर टेकत घरात आल्या आणि कुंडीपाशीच थांबल्या.

"काय गं, बाळंतीण आहे का ही?"

मी घाईघाईनं कुंडी हीटरपासून दूर सरकवली.

"सूपही पाजलंस की काय?"

"एकदाच, आई. दोन चमचे."

"अगं बाई! मीठ घातलेलं?"

मला रडूच फुटलं. त्या खुर्चीत बसल्या आणि नखानं साल खरवडू लागल्या. तपकिरी. आणखी खाली, तपकिरी. अगदी मातीलगत नखाएवढं हिरवं दिसलं. त्यांनी कुजकी मुळं कापली, खोड दोन बोटांवर आणलं, कोरड्या मातीत लावलं. ऑपरेशन होऊन महिनाच झालेला, पण सगळं स्वतःच्या हातानं केलं. काय बाई आहे ही!

"जगेल?" मी विचारलं.

"माहीत नाही. कुंडी खाली ने आणि तळघराची किल्ली माझ्याकडे दे."

मार्चअखेर त्यांनी किल्ली देऊन मला खाली बघायला पाठवलं, तर मोहरीएवढा कोंब आला होता. मी वर धावत आले तेव्हा त्या फ्रेस्नोला राहणाऱ्या माझ्या नणंदेशी, चूआशी फोनवर बोलत होत्या. चूआला खरं कळलं असतं, तर मला जन्मभर टोमणे ऐकावे लागले असते.

मी खुणेनं कोंब आल्याचं सांगितलं. सासूबाईंनी क्षणभर डोळे मिटले.

"हो गं, मिरची जगली," त्या फोनवर म्हणाल्या. "मी कुठली, मी तर अंथरुणात होते. सगळं हिनंच केलं."

मग फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "यंदा मी खोटं बोलले. पुढच्या हिवाळ्यात ते खरं करून दाखव."